विश्लेषण : मुलाला ‘वरच्या’ संघात पाठवायचं का? निवडीचा मेसेज आल्यावर काय तपासाल?

एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्ट्या लागतात आणि मैदानांवर निवड चाचण्या सुरू होतात. मग एखाद्या संध्याकाळी फोन वाजतो. ‘तुमच्या मुलाला आम्ही आमच्या अंडर-सिक्स्टीन टीममध्ये घेतोय. परवापर्यंत कळवा, जागा भरतायत.’ मुलगा असतो १३ वर्षांचा. घरात आनंदीआनंद. आजोबा सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकून मोकळेही होतात. रात्री सगळे झोपल्यावर आई-बाबा मात्र हिशेब मांडायला बसतात : पाठवायचं का?

दिसायला हा निर्णय खेळाचा. पण त्यात शाळा, लोकलचा पास, होस्टेलची फी, धाकट्या बहिणीचा क्लास आणि एका वाढत्या शरीराचे सांधे असं सगळं अडकलेलं असतं. नाही म्हटलं तर संधी हुकली असं आयुष्यभर वाटत राहणार. हो म्हटलं आणि मूल वर्षभर बाकावर बसलं, तर खेळच सुटायची भीती.

या लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. संघाची पातळी किती वरची आहे, यापेक्षा मूल तिथे प्रत्यक्ष किती खेळणार आहे, हा प्रश्न मोठा आहे. आणि १४ वर्षांच्या आत घाई करण्यासारखं फारसं काही नसतं.

‘वरचा संघ’ म्हणजे नेमकं काय?

हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट, वयाने वरचा गट. १३ वर्षांचं मूल १६ वर्षांखालच्या संघात. दुसरी, वयोगट तोच पण संघ तगडा. म्हणजे गल्लीतल्या क्लबातून शहरातल्या नावाजलेल्या क्लबात किंवा शाळेत. तिसरी, घर सोडून निवासी केंद्रात किंवा दुसऱ्या गावात जाणं. साताऱ्याच्या तालमीतून कोल्हापूरच्या तालमीत, किंवा नंदुरबारहून थेट पुण्यात.

पहिल्यात मुख्य धोका शरीराला. दुसऱ्यात बाकावर बसण्याचा. तिसऱ्यात घर, शाळा आणि सुरक्षितता. त्यामुळे ‘शेजारच्यांनी पाठवलं, त्यांचं छान चाललंय’ हा दाखला निम्म्या वेळा गैरलागू असतो. शेजाऱ्यांनी भलताच निर्णय घेतलेला असतो.

अलीकडे एक चौथा प्रकारही निघालाय. एकाच अकादमीत ‘रेग्युलर’, ‘अॅडव्हान्स’ आणि ‘एलिट’ अशा बॅचेस. मैदान तेच, कोच तेच, फी मात्र दुप्पट आणि टी-शर्टचा रंग वेगळा. ही बढती नव्हे, हा विक्रीचा भाग आहे. वरच्या बॅचमध्ये सामने जास्त आहेत का, एका कोचमागे मुलं कमी आहेत का, एवढं विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

सचिनचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच

महाराष्ट्रात हा विषय निघाला की सचिन तेंडुलकरचं नाव निघतंच. शाळा बदलली म्हणून सचिन घडला, हे वाक्य प्रत्येक मैदानाबाहेर ऐकू येतं. घडलं ते असं. वांद्र्याच्या शाळेत क्रिकेटचं वातावरण नव्हतं, म्हणून रमाकांत आचरेकर सरांनी त्याला दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात जायला सांगितलं. जाण्या-येण्यात वेळ जात होता, म्हणून तो शिवाजी पार्कजवळ नातेवाइकांकडे राहू लागला. म्हणजे घरही बदललं, पण परकं झालं नाही.

आता यातला सहसा न सांगितला जाणारा भाग. शारदाश्रममध्ये त्याला काय मिळालं? गाइल्स आणि हॅरिस शिल्डचे सामने. त्याच्याच वयोगटातले, भरपूर, आणि पहिल्या क्रमांकांवर फलंदाजी करायला मिळेल असे. एका मैदानावर आउट झाला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, हे तर सर्वश्रुत आहे. थोडक्यात, बदल झाला तो खेळायला जास्त मिळावं म्हणून.

पुढचा भाग आणखी बोलका आहे. १९८७-८८च्या मोसमात, १४व्या वर्षी, त्याची मुंबईच्या रणजी संघात निवड झाली. पण त्या मोसमात त्याला एकही सामना खेळवला नाही, बदली क्षेत्ररक्षक म्हणून तेवढं मैदानात उतरवलं. त्याच काळात तो शालेय क्रिकेट खेळत होता. फेब्रुवारी १९८८मध्ये विनोद कांबळीसोबतची ६६४ धावांची भागीदारी हॅरिस शिल्डमधली. रणजी पदार्पण झालं डिसेंबर १९८८मध्ये, गुजरातविरुद्ध, आणि तिथे नाबाद १००. वरच्या संघाचा वास घेत खालच्या संघात पोटभर खेळणं, असा तो मधला काळ होता.

उलट दिशेचं उदाहरण त्याच घरात आहे. अर्जुन तेंडुलकरला मुंबईच्या मोठ्या संघाकडून २०२१मध्ये दोन टी-ट्वेंटी सामने मिळाले, रणजीत संधी मिळाली नाही. २०२२मध्ये मुंबईकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तो गोव्याकडे गेला. क्रिकेटच्या उतरंडीत गोवा हा मुंबईच्या खालचा संघ. पण त्याच डिसेंबरमध्ये राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने शतक ठोकलं. पुढे त्याची कारकीर्द कुठे जाईल हा मुद्दा वेगळा. खेळायला मिळालं तर खाली उतरणंही शहाणपणाचं असू शकतं, हे मात्र दिसलं.

मग वैभव सूर्यवंशीचं काय? १२व्या वर्षी बिहारकडून रणजी, १४व्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक. खरं आहे. पण त्याच्याकडे बघून आपल्या मुलाचा निर्णय घेणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला विचारून घराचं बजेट ठरवण्यासारखं. जे लवकर वर गेले आणि टिकले त्यांच्या मुलाखती येतात. जे लवकर वर गेले आणि १७व्या वर्षी किट माळ्यावर टाकून मोकळे झाले, त्यांच्याकडे माइक घेऊन कुणी जात नाही. आमच्या न्यूजरूममधूनही कुणी जात नाही.

वय एक, शरीर दुसरं

वयाने वरच्या गटाबद्दल बोलताना सगळ्यात आधी बघायला हवं ते जन्मतारखेच्या पलीकडे.

मुलींची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती साधारण १२व्या वर्षी, मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास. त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंटीमीटर उंची वाढू शकते. पण हा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो, एखाद्याचा दोन वर्षं आधी येतो, एखाद्याचा दोन वर्षं उशिरा. म्हणून सातवीच्या एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो.

निवड चाचणीत कोण उठून दिसतो? अर्थातच मिसरूडवाला. त्याचा चेंडू जोरात जातो, शॉट सीमेपार जातो, कबड्डीत त्याची पकड सुटत नाही. त्याला ‘वरच्या’ गटात बोलावणं येतं. तीन वर्षांनी बाकीच्यांचीही उंची वाढते आणि मग कळतं की त्याच्याकडे ताकद होती, कौशल्य बेताचंच होतं. आणि जो लहानखुरा होता, ज्याने ताकद नसल्यामुळे फुटवर्क आणि डोकं वापरायला शिकून घेतलं होतं, तो तोवर खेळ सोडून क्लासला लागलेला असतो.

यात जन्ममहिन्याचाही खेळ आहे. बीसीसीआयच्या वयोगट स्पर्धांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेलं मूल गटात सर्वात मोठं आणि ऑगस्टात जन्मलेलं सर्वात लहान ठरतं. अंतर जवळजवळ वर्षाचं. १३व्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं तरी असतं. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८०च्या दशकात संशोधकांनी पाहिलं की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आहे. नंतर फुटबॉलपासून अनेक खेळांत तेच आढळलं. शालेय स्पर्धांत तारीख १ जानेवारी असते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं तेच मूल एका स्पर्धेत ‘मोठं’ आणि दुसऱ्या स्पर्धेत ‘लहान’. गुणवत्ता तीच, निकाल वेगळा.

गंमत म्हणजे आपल्या मातीतल्या खेळांनी हे फार आधी ओळखलंय. कुस्तीत वजनी गट आहेतच. कबड्डीतही किशोर आणि कुमार गटात वयाबरोबर वजनाची मर्यादा असते. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये नुसता जन्मदाखला चालतो. बीसीसीआय १६ वर्षांखालील गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं, त्याला टीडब्ल्यू३ पद्धत म्हणतात. पण त्याचा उद्देश वयचोरी पकडणं हा आहे. उशिरा वाढणाऱ्या मुलाला सांभाळून घेणं हा नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादमींनी काही स्पर्धांत मुलांना जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गटांत खेळवून पाहिलं. म्हणजे प्रौढपणी अपेक्षित असलेल्या उंचीच्या किती टक्के उंची गाठली, त्यावरून गट. लवकर वाढलेल्यांना तिथे पहिल्यांदा डोकं वापरावं लागलं आणि लहानखुऱ्यांना पहिल्यांदा चेंडू मिळाला.

घरी करता येण्यासारखी गोष्ट सोपी आहे. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने उंचीची खूण आणि शेजारी तारीख. खुणांमधलं अंतर अचानक वाढू लागलं की समजावं, झपाट्याची वाढ सुरू झाली. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतंय अशी तक्रार बहुतेक वेळा याच काळात येते, कारण हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात. नेमक्या या सहा-आठ महिन्यांत सराव दुप्पट करणाऱ्या संघात मुलाला पाठवणं, हे मला तरी पटत नाही. मोसमभर थांबा.

वेगवान गोलंदाजांच्या पालकांसाठी थोडं जास्त

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षी ‘फटीग’ नावाची संकल्पना शिकवतात. लोखंडी सळई एका झटक्यात तोडायला प्रचंड बळ लागतं. पण त्याहून कितीतरी कमी बळ हजारो वेळा लावलं, तर तीच सळई एक दिवस सहज तुटते. आधी बाहेरून काही दिसत नाही. १४ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याचं असंच असतं. फरक एवढाच की हाड जिवंत असतं, त्याला विश्रांती दिली तर ते स्वतःला दुरुस्त करतं. विश्रांतीच मिळाली नाही तर बारीक तडा जातो आणि महिनोन्‌महिने खेळ बंद.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने यासाठी षटकांच्या मर्यादा घालून दिल्या. त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० षटकं, तर १४-१५ वर्षांखालच्यांना ६ आणि १२ अशी मर्यादा ठरवलेली होती. महत्त्वाचं म्हणजे ही मर्यादा खेळाडूच्या वयाची. तो मोठ्यांच्या संघात खेळला तरी बदलत नाही.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. मुलगा वरच्या संघात गेला की जुना क्लबही सोडवत नाही, शाळेचे सरही ‘जिल्ह्याची मॅच आहे, एवढी खेळ’ म्हणतात. तीन संघ, तीन कोच, आणि एकूण षटकांची नोंद कुणाकडेच नाही. ती वही आई-बाबांनीच ठेवायला हवी. मॅचची षटकं आणि नेट्समधलीही. नेट्समधल्या चेंडूंना कमरेच्या दृष्टीने काही सवलत नसते.

बाकीच्या खेळांसाठी बालरोगतज्ज्ञ एक साधा ठोकताळा सांगतात : आठवड्यातले संघटित खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. १३ वर्षांचं मूल, आठवड्याला १३ तास. आणि आठवड्यात एक तरी दिवस पूर्ण सुट्टी. नव्या संघाचं वेळापत्रक हातात आलं की आधी ही बेरीज करा.

बाकावर बसून काय शिकता येतं?

‘मोठ्या खेळाडूंसोबत राहील, बघून शिकेल.’ हे वाक्य प्रत्येक कोच म्हणतो. काही अंशी खरंही आहे. सरावाचा दर्जा वाढतो, आपण नेमके कुठे आहोत ते कळतं, शिस्त लागते. पण बघून पोहता येत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, तुमची मुलगी सध्याच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर खेळते. मोसमात २० सामने, सरासरी ३० चेंडू. म्हणजे ६०० चेंडू, तेही दडपणाखाली, धावफलक समोर असताना. नव्या संघात २० पैकी ८ सामने मिळाले, आठव्या क्रमांकावर, प्रत्येक वेळी ६ चेंडू. झाले ४८. नेट्स कितीही दर्जेदार असले तरी ६००चे ४८ झाले तर ती पुढे जातेय की मागे, हे ज्याचं त्याने ठरवावं. फुटबॉलमध्ये चेंडूंऐवजी मिनिटं मोजा, कबड्डीत चढाया आणि पकडी.

मनावर होणारा परिणाम तर वेगळाच. शिक्षणशास्त्रात हर्बर्ट मार्श यांनी दाखवून दिलंय की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर हुशार वर्गात बसलेल्याला स्वतःबद्दल कमी विश्वास वाटतो आणि साधारण वर्गातल्याला जास्त. मूल स्वतःला जगाशी ताडून पाहत नाही, शेजारच्या बाकाशी ताडून पाहतं. काहींना ही टोचणी पुढे ढकलते. काही आतल्या आत मिटतात. तुमचं मूल यातलं कुठलं, हे कोचपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. परीक्षेत कमी मार्क पडल्यावर ते दुसऱ्या दिवशी काय करतं, ते आठवून बघा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सध्याच्या संघात मूल प्रत्येक सामना एकहाती जिंकून देत असेल, प्रतिस्पर्धी त्याच्या जवळपासही नसतील, तर तेही घातक. सोप्या गोलंदाजीवर शंभर धावा काढण्याची सवय लागली की आडव्या बॅटचे फटके हाडात मुरतात. सरावाला जायचा कंटाळा, सोबत्यांशी तुसडेपणा, आउट झाल्यावर अंपायरशी हुज्जत, ही कंटाळ्याची लक्षणं असू शकतात. अशा मुलाला वर पाठवायलाच हवं. मुंबईत कांगा लीगमध्ये पावसाळी, ओल्या खेळपट्ट्यांवर शाळकरी पोरं मोठ्या माणसांसमोर उभी राहत आली आहेत, सचिन स्वतः १९८४मध्ये ११व्या वर्षी त्यात खेळला. पण तीही आठवड्यातून एकदाची गोष्ट. बाकी दिवस शाळेचं क्रिकेट चालूच.

उशीर झाला तर?

पालकांना पोखरणारी खरी भीती हीच. आत्ता नाही तर कधीच नाही.

आर्ने गुलिख आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ६ हजारांहून अधिक खेळाडूंच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात जागतिक दर्जाचे ७७२ खेळाडू होते. निष्कर्ष चक्रावणारा आहे. कुमार वयात चमकलेल्यांनी आपला खेळ लवकर धरला होता, त्याचाच सराव जास्त केला होता आणि त्यांची प्रगती वेगाने झाली होती. मोठेपणी जगात सर्वोच्च ठरलेल्यांचं मात्र, राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंच्या तुलनेत, नेमकं उलट होतं : लहानपणी अनेक खेळ, मुख्य खेळाची सुरुवात उशिरा, सुरुवातीची प्रगती संथ.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे धावपटू झाला. स्टीपलचेस तर त्याने त्यानंतर धरली. २०२२मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. १३व्या वर्षी त्याला कुठल्याही ‘एलिट बॅच’चा मेसेज आला नव्हता.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मात्र १४व्या वर्षी, २००९मध्ये, घर सोडून राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथे आधी वर्षभर सर्वसाधारण शारीरिक तयारी झाली, मग त्याने नेमबाजी निवडली. २०२४मध्ये पॅरिसला कांस्य. म्हणजे लवकर घर सोडणं चूकच असं नाही. पण तिथे राहणं, खाणं, शाळा यांची सोय होती, आणि खेळ निवडायची घाई नव्हती, हे लक्षात घ्या.

नॉर्वेत तर नियमच आहे. ११ वर्षांपर्यंत गुणतक्ते नाहीत, क्रमवाऱ्या नाहीत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १३व्या वर्षापासून. त्या देशातून अर्लिंग हालांड आला. त्याची पुढची वाटही पाहण्यासारखी आहे : ब्रिने, मग मोल्डे, मग साल्झबर्ग, मग डॉर्टमुंड आणि शेवटी मँचेस्टर सिटी. एकेक पायरी.

पैसा, शाळा आणि न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

बदलापूर किंवा विरारहून आझाद मैदान म्हणजे किटबॅग घेऊन लोकलमध्ये रोजचे तीन तास. हे तीन तास झोपेतून जातात किंवा अभ्यासातून, तिसरीकडून येत नाहीत. दहावी-बारावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे. ‘नावापुरती अॅडमिशन घ्या, हजेरीचं आम्ही बघतो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. दुखापत झाली आणि खेळ सुटला, तर हातात उरतं ते शिक्षणच.

खर्च मांडताना वर्षभराचा मांडा : फी, प्रवास, बूट-बॅट, खुराक, फिजिओ. सरकारी वाटा कुठे आहेत तेही बघा. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक स्पर्धांतल्या ठरावीक कामगिरीवर. खासगी लीगच्या झगमगीत करंडकाची तिथे किंमत शून्य. ‘नॅशनल लेव्हल’ असं छापलेल्या प्रमाणपत्रासाठी पैसे मागणारी स्पर्धा दिसली तर आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन ती मान्यताप्राप्त आहे का, ते विचारा.

आणि निर्णय घेताना दुसऱ्या मुलाकडेही बघा. भावाच्या क्रिकेटसाठी बहिणीचा खेळ थांबला, ही गोष्ट आपल्या घरांत इतक्या सहज घडते की तिला कुणी निर्णयसुद्धा म्हणत नाही.

मुलीला वरच्या संघात पाठवताना काही प्रश्न आणखी असतात. मैदानावर वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का? बाहेरगावच्या दौऱ्यात महिला कोच किंवा व्यवस्थापक सोबत असते का? वाढीच्या वयात मुलींना गुडघ्याच्या एसीएल दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, त्यासाठीचे वॉर्म-अपचे व्यायाम संघात घेतात का? निवासी केंद्र असेल तर मुलगा असो की मुलगी, तक्रार कुणाकडे करायची, कोचने मुलांशी एकट्याने मेसेजवर बोलण्याबाबत काय नियम आहे, हे स्पष्ट विचारा. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या सर्वांना लागू आहे, मुलग्यांनाही. प्रश्न विचारल्यावर कोच चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा.

जुन्या कोचचं काय करायचं?

आपल्याकडे हा भावनेचा विषय आहे. तालमीत वस्ताद बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखं. त्यामुळे बरेच पालक जुन्या सरांना काही न सांगता परस्पर निघून जातात, आणि परतीची वाट स्वतःच्याच हाताने बंद करतात. हे टाळा. आधी त्यांच्याकडे जा, चहा घ्या, सरळ विचारा : ‘सर, तुम्हाला काय वाटतं, हा तयार आहे का?’ काही सर स्वार्थापोटी अडवतील, हे खरं. त्यांचा मुख्य गोलंदाज जातोय. पण मुलाला पाच वर्षं पाहिलेला तोच एक माणूस आहे. आणि वर्षभरात परत यावं लागलं तर दार उघडणाराही तोच.

मुलाला विचारायचंही राहून जातं. सगळे बसलेत, आजोबा कौतुकाने बघतायत आणि बाबा विचारतात, ‘जायचं ना रे?’ यावर कुठलं मूल नाही म्हणेल? गाडीवरून घरी येताना, एकट्याने विचारा. आणि प्रश्न बदला. ‘तिथे मित्र नसतील, चालेल?’ ‘पहिले दोन महिने खेळवलं नाही तर?’

मग करायचं काय?

१४ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मला सर्वात पटणारी वाट मधली आहे. सराव वरच्या संघाबरोबर, सामने आपल्याच गटात. आठवड्यातून दोन दिवस मोठ्यांच्या नेट्समध्ये, बाकी दिवस जुन्या क्लबात. चांगले कोच याला तयार होतात. पूर्ण बदलायचंच असेल तर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला, आणि सहा-आठ आठवडे बघू या बोलीवर, आगाऊ वर्षाची फी न भरता. १६व्या वर्षानंतर चित्र बदलतं. तेव्हा राज्याच्या वयोगट स्पर्धांची दारं खरोखरच त्या त्या संघांतून उघडतात, शरीरही बरंचसं सावरलेलं असतं. तिथे फार ताणून धरण्यात अर्थ नाही.

क्रिकेटवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र संघटना आहेत. नाशिक-कोल्हापूरचं मूल पुण्याच्या संघटनेत येतं, ठाणे-पालघरचं मुंबईच्या. एकीतून दुसरीत जायचं तर ना हरकत प्रमाणपत्र आणि रहिवासाच्या अटी येतात. ‘मुंबईत येऊन खेळा, बाकी आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्या अकादमीला हे कागद कोण आणि कधी करणार, ते लेखी विचारा. त्या धावपळीत मुलाचा एक मोसम वाया जाऊ शकतो.

राहिला तो परवापर्यंत उत्तर मागणारा मेसेज. त्याला असं काहीतरी उत्तर पाठवता येईल : ‘नमस्कार सर. निवडीबद्दल मनापासून आभार. निर्णयासाठी एक आठवडा हवा आहे. तोपर्यंत त्याला दोन दिवस सरावाला पाठवलं तर चालेल का? या मोसमात साधारण किती सामने आणि कुठल्या क्रमांकावर खेळायला मिळेल, आणि गेल्या वर्षी त्याच्या वयाची जी मुलं घेतली ती आता कुठे खेळतात, हे कळवाल का?’

उत्तर आलं की ते मुलालाही वाचायला द्या.